उसनें बळ

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर २६ सप्टेंबर २०२३ रोजीं एक विलक्षण प्रकार घडला. दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धांचा तो शेवटचा दिवस होता. पुरुषांच्या शंभर मीटर धांवण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी व्हावयाची होती व तिच्यासाठीं आठ तरुण निवडले गेले होते. शर्यतीची वेळ झाली तेव्हां आरंभरेषेवर त्या आठांपैकीं एकच जण उभा होता. बाकीचे सात गेले कोठें? उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारे अधिकारी क्रीडांगणांत आले आहेत, ही वार्ता दरम्यान कर्णोपकर्णीं पसरली होती. कोणाचा स्नायु दुखावला, कोणाला पेटके आले, आणि बघतां बघतां मैदान ओस पडलें. त्याच स्पर्धांत एक मुलगी शर्यत संपल्यावरहि थांबेना. अंतिम रेषा ओलांडून ती धांवतच राहिली आणि तपासणी करणारास तिच्या मागें जावें लागलें. क्रीडांगणाच्या शौचकूपांत वापरून टाकलेल्या इंजेक्शनच्या सुया आढळल्या.

त्या दिवशीं कोण दोषी होता व कोण निर्दोष, हा निवाडा येथें करावयाचा नाहीं. परंतु ज्या वयांत मुलांनीं शर्यत जिंकण्यासाठीं धांवावें, त्या वयांत तीं तपासणीच्या भीतीनें पळूं लागलीं, ही गोष्ट ऐकून कोणाहि आईबापांच्या काळजांत धस्स होईल. अशा सुईंत बहुधा काय असतें, तें शरीरांत जाऊन काय करतें आणि ती सुई कोंवळ्या मुलांच्या हातीं येते तरी कोठून, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरोघरीं ठाऊक असणें आतां अगत्याचें झालें आहे.

ह्या द्रव्यांपैकीं सर्वांत अधिक प्रचारांत असलेल्या वर्गास ‘अॅनाबॉलिक स्टिरॉइड’ असें म्हणतात. नांव अवघड असलें तरी त्याचें मूळ अनोळखी नाहीं. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला कीं त्याचा आवाज फुटतो, ओठांवर मिसरूड दिसूं लागतें, खांदे रुंदावतात आणि दंडांत बळ येतें. हा सारा पालट वृषणांत तयार होऊन रक्तांत मिसळणाऱ्या एका अंतःस्रावामुळें होतो. त्याचें नांव टेस्टोस्टेरॉन. स्त्रीच्या शरीरांतहि तो असतो, परंतु अगदीं अल्प प्रमाणांत. १९३५ सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांनीं तो शुद्ध स्वरूपांत वेगळा केला आणि त्याच वर्षीं प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनेंहि तो तयार झाला. ही कृति साधणारे बुटेनांट व रुझिका हे दोघे रसायनशास्त्रज्ञ १९३९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

टेस्टोस्टेरॉनचीं कामें दोन. पुरुषत्वाचीं लक्षणें उमटविणें हें एक, आणि अन्नांतील प्रथिनांपासून स्नायूंची घडण करणें हें दुसरें. दुसरें काम जोरानें करील व पहिलें करणार नाहीं असें द्रव्य मिळालें तर रोगानें झिजलेल्या माणसास तें संजीवनी ठरेल, ह्या सदिच्छेनें रसायनशास्त्रज्ञांनीं टेस्टोस्टेरॉनच्या रचनेंत नाना प्रकारचे फेरफार करून पाहिले. त्यांतूनच अॅनाबॉलिक स्टिरॉइडांचा जन्म झाला. परंतु हीं दोन कामें एकमेकांपासून संपूर्णपणें तोडणें आजवर कोणासहि साधलेलें नाहीं. स्नायु वाढविण्यासाठीं घेतलेली प्रत्येक गोळी दुसरेंहि काम करीतच राहते. पुढील बहुतेक अनर्थाचें मूळ येथें आहे.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. दमा, संधिवात किंवा त्वचेचे कांहीं विकार ह्यांवर डॉक्टर जीं ‘स्टिरॉइड’ देतात तीं निराळीं. त्यांना कॉर्टिकोस्टिरॉइड म्हणतात. आडनांव एकच असलें तरी दोहोंचें कूळ एक नव्हे. त्यांनीं दंड फुगत नाहींत. तेव्हां ही हकीगत ऐकून कोणा दमेकऱ्यानें आपलें औषध परस्पर बंद करूं नये. अॅनाबॉलिक स्टिरॉइडांसहि वैद्यकांत योग्य स्थान आहे. मुलगा वयांत येण्यास असाधारण विलंब लागत असला, किंवा दीर्घ आजारानें शरीराची झीज झाली असली, तर तज्ज्ञ डॉक्टर मोजक्या प्रमाणांत व रक्त तपासून तीं देतात. अशीं औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास आपल्या देशांत मनाई आहे. बळासाठीं तीं घेणारे लोक मात्र औषधी प्रमाणाच्या दहापटीपासून शंभरपटीपर्यंतहि मात्रा घेतात, दोन-तीन प्रकार एकत्र करतात, आणि आठवड्यांचा हिशेब मांडून कांहीं काळ घ्यावें व कांहीं काळ थांबावें असे क्रम पाळतात. हा हिशेब त्यांना बहुधा डॉक्टरानें सांगितलेला नसतो. जिममधील एखाद्या थोराड सोबत्यानें शिकविलेला असतो.

आतां मुलें हमखास विचारतात असा प्रश्न: ह्या द्रव्यांनीं खरोखरच बळ वाढतें काय? प्रामाणिक उत्तर असें कीं, वाढतें. तें नाकारण्यांत वडील मंडळींनीं पूर्वीं मोठी चूक केलेली आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ ह्या संस्थेनें १९७७ सालीं, ह्या औषधांचा खेळाडूंना कांहीं उपयोग होत असल्याचा निर्णायक पुरावा नाहीं, असें मत प्रसिद्ध केलें होतें. व्यायामशाळांतील तरुण तर आपल्या डोळ्यांनीं सोबत्यांचे दंड वाढतांना पाहत होते. ते डॉक्टरांस हसले आणि डॉक्टर धोक्यांविषयीं जें खरें सांगत होते त्यावरहि त्यांचा विश्वास बसेना. १९८४ सालीं त्या संस्थेस आपलें मत बदलावें लागलें. पुढें १९९६ सालीं डॉ. भसीन व त्यांचे सहकारी ह्यांनीं ४३ निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं ज्यांना दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दहा आठवडे टोंचलें, त्यांचे स्नायु व्यायाम न करतांहि वाढले आणि व्यायाम करणारांचे तर त्याहून अधिक. तेव्हां ‘ह्यानें कांहीं होत नाहीं’ असा खोटा धाक घालून मुलें वांचावयाचीं नाहींत. त्यांना पुरतें सत्य सांगितलें पाहिजे. बळ मिळतें हें खरें; परंतु तें उसनें मिळतें. सावकार पैसे मोजून देतांना गोडच बोलतो. त्याची वही उघडते ती मागाहून.

ती वही कशी उघडते हें समजण्यासाठीं शरीराची एक युक्ति ध्यानांत घेतली पाहिजे. घरांतील पाण्याच्या टांकीच्या नळाला एक चेंडू बसविलेला असतो. पाणी वर चढलें कीं चेंडू उचलला जातो व नळ आपोआप बंद होतो. पाणी उतरलें कीं नळ पुन्हां सुटतो. टेस्टोस्टेरॉनची व्यवस्था अशीच आहे. मेंदूच्या तळाशीं असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथि वृषणांस काम करण्याचा निरोप धाडते. रक्तांतील टेस्टोस्टेरॉन पुरेसें झालें कीं मेंदू तो निरोप थांबवितो. आतां कोणी बाहेरून बादल्या ओतून टांकी कांठोकांठ भरली तर काय होईल? चेंडू वरच राहील आणि नळ बंद तो बंदच. सुईनें स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीरांत नेमकें हेंच घडतें. मेंदूचा निरोप येत नाहीं, वृषणांचें काम थांबतें, तीं आकारानें लहान होतात, आणि वीर्यांतील शुक्राणु कमी होत होत कांहीं जणांत नाहींसे होतात.

हा परिणाम इतका भरंवशाचा आहे कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें दर आठवड्याचें टेस्टोस्टेरॉनचें इंजेक्शन हें पुरुषांसाठीं संततिनियमनाचा उपाय म्हणून तपासून पाहिलें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत, दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या निरोगी पुरुषांपैकीं निम्म्याहून अधिकांचे शुक्राणु सहा महिन्यांच्या आंत पूर्णपणें नाहींसे झाले होते. जें द्रव्य मर्दानगी वाढविण्यासाठीं तरुण चोरून घेतात, तेंच द्रव्य मूल होऊं नये म्हणून शास्त्रज्ञ तपासीत होते! शिवाय बाहेरून आलेल्या जादा टेस्टोस्टेरॉनचा कांहीं भाग शरीरांत स्त्रीच्या अंतःस्रावांत रूपांतर पावतो आणि कित्येक तरुणांची छाती स्त्रीसारखी वाढूं लागते. ही वाढ पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून जात नाहीं.

औषध बंद केल्यावर बादल्या थांबतात, पण फार दिवस बंद राहिलेला नळ गंजलेला असतो. शरीर स्वतःचें टेस्टोस्टेरॉन पुन्हां तयार करूं लागण्यास कांहीं महिने लागतात, कोणास वर्षेंहि लागतात, आणि कांहीं जणांत तें पूर्ववत् होतच नाहीं. ह्या मधल्या काळांत अंगांतील बळ ओसरतें, उत्साह मावळतो, मन खिन्न होतें. कोणाच्या मनांत आत्मघाताचे विचारहि येतात. कमावलेलें शरीर डोळ्यांदेखत वितळूं लागलें कीं तरुण घाबरून पुन्हां सुई हातीं घेतो. पहिलें कर्ज फेडण्यासाठीं दुसरें काढावें तसा हा प्रकार आहे. ही खोड सुटत नाहीं ती येथें.

मोठ्या माणसाची ही गत, तर वाढत्या मुलाचें काय? मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. उंची वाढते ती ह्या थरांतून. तारुण्य पूर्ण आलें कीं अंतःस्रावांच्या प्रभावानें तो थर कठीण हाड होऊन जातो व उंची थांबते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या रक्तांत बाहेरून एवढा मोठा लोंढा आला म्हणजे हाडें समजतात कीं, तारुण्य पूर्ण झालें. आणि वाढीचें दार वेळेपूर्वींच बंद होतें. एकदां मिटलेलें हें दार कोणत्याहि औषधानें उघडत नाहीं. खांदे रुंदावलेल्या त्या मुलाला आपल्या नशिबांतली दोन-चार अंगुळें उंची गेली हें कळतें तेव्हां उपाय उरलेला नसतो. त्यांत आणखी, स्नायु जितक्या झपाट्यानें वाढतात तितक्या झपाट्यानें ते हाडांना बांधणारे कंडरे बळकट होत नाहींत. जुन्या दोरावर नवें ओझें टांगावें तसें होऊन ऐन उचलीच्या वेळीं कंडरा तुटण्याचा धोका असतो.

मुलींच्या बाबतींत तर हें द्रव्य अधिकच क्रूर आहे. त्यांच्या देहाला ज्याची संवय नाहीं असा हा स्राव शिरला कीं पाळी अनियमित होते किंवा थांबते, चेहऱ्यावर व अंगावर केस येतात, जननेंद्रियांत बदल होतात आणि आवाज घोगरा होतो. औषध सोडल्यावर ह्यांपैकीं कांहीं गोष्टी ओसरतात. घोगरा झालेला आवाज मात्र बहुधा परत येत नाहीं.

आंतील इंद्रियांचें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तें अधिक फसवें. तोंडानें घ्यावयाच्या पुष्कळशा गोळ्या यकृतांत सहज नष्ट होऊं नयेत अशा रीतीनें घडविलेल्या असतात. त्या यकृतालाच बाधतात. कावीळ होते, यकृतांत रक्तानें भरलेल्या पुळ्या होतात आणि क्वचित् गांठीहि होतात. रक्तांतील हितकर कोलेस्टेरॉल घटतें व अपायकारक वाढतें, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतें, रक्तदाब चढतो. हृदय हाहि एक स्नायूच आहे. तो जाड होतो, पण बळकट होत नाहीं. अमेरिकेंत वजनें उचलणाऱ्या १४० पुरुषांची तपासणी करून २०१७ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ८६ जण स्टिरॉइड घेणारे होते व ५४ न घेणारे. हृदय दर ठोक्याला आपल्यांतील रक्ताचा किती भाग बाहेर फेंकतें हें मोजलें असतां न घेणारांत तें सरासरी शेंकडा ६३ भरलें, आणि घेणारांत शेंकडा ५२. डेन्मार्कमध्यें व्यायामशाळांतील तपासणींत स्टिरॉइड घेतांना सांपडलेल्या १,१८९ पुरुषांची माहिती वर्षानुवर्षें ठेवण्यांत आली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, सामान्य लोकांच्या मानानें त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळलें. बाहेरून पाहतां तेच सर्वांत धट्टेकट्टे दिसत असतील! मनावरचा परिणामहि लहान नाहीं. कित्येकांचा स्वभाव तापट होतो, क्षुल्लक कारणावरून हात उगारला जातो. आणि एकाच सुईनें अनेकांनीं टोंचून घेतलें तर एड्सचा विषाणु व यकृताला सूज आणणारे विषाणु एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हें निराळें सांगावयास नको.

आतां तिसरा प्रश्न. मुलांच्या हातीं सुई देणारा हात कोणाचा? ह्याचें उत्तर देणारा, कागदोपत्रीं सिद्ध झालेला सर्वांत मोठा दाखला पूर्व जर्मनीचा आहे.

पूर्व जर्मनी हें सुमारे पावणेदोन कोटी वस्तीचें राष्ट्र होतें. १९७२ च्या म्युनिक येथील ऑलिंपिकमध्यें त्याच्या महिला जलतरणपटूंना एकहि सुवर्णपदक मिळालें नाहीं. चारच वर्षांनीं माँट्रियल येथें त्याच राष्ट्राच्या मुलींनीं पोहण्याच्या १३ शर्यतींपैकीं ११ जिंकल्या. त्यांचे रुंद खांदे व घोगरे आवाज पाहून परदेशी वार्ताहरांनीं शंका काढली, तेव्हां, मुली पोहावयास आल्या आहेत, गावयास नव्हे, असें उत्तर देण्यांत आल्याचें सांगतात. त्या उत्तरांतली निर्दयता पुढें वर्षानुवर्षें कोणाच्या लक्षांत आली नाहीं.

१९७४ सालच्या ऑक्टोबरांत पूर्व जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांनीं ‘राज्ययोजना १४.२५’ नांवाची एक गुप्त योजना संमत केली होती. येना शहरांतील येनाफार्म कारखान्यांत तयार होणाऱ्या ‘ओरल-टुरिनाबोल’ ह्या स्टिरॉइडाच्या लहानशा निळ्या गोळ्या निवडक खेळाडूंना पद्धतशीरपणें देण्यांत येऊं लागल्या. मात्रा ठरविणारे डॉक्टर, नोंदी ठेवणारे शास्त्रज्ञ आणि गोळ्या वाटणारे प्रशिक्षक अशी एक उतरंडच तयार झाली. वयांत येत असलेल्या मुलींना त्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या आहेत असें सांगत. आईबापांना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. अशा रीतीनें सुमारे दहा हजार खेळाडूंना हीं द्रव्यें दिलीं गेलीं असा अंदाज आहे.

१९८९ सालीं बर्लिनची भिंत पडली व पुढील वर्षीं दोन्ही जर्मनी एक झाल्या. हायडेलबर्ग येथील पेशीशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी, पूर्वीच्या थाळीफेंकपटू ब्रिगिट्टे बेरेंडोंक, ह्यांनीं बाड झारो येथील लष्करी वैद्यकीय संस्थेंत ठेवलेले गुप्त प्रबंध शोधून काढले. १९९१ सालीं बेरेंडोंकबाईंचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि कोणत्या खेळाडूस किती मिलिग्रॅम दिलें ह्याचा हिशेब जगापुढें आला. गुन्हेगारांनीं आपल्या गुन्ह्याची इतकी नीटनेटकी वही लिहून ठेवल्याचीं उदाहरणें थोडीं असतील.

त्या वहींत हायडी क्रीगर हें एक नांव होतें. ही मुलगी गोळा फेंकीत असे. सोळा वर्षांची असतांना तिला निळ्या गोळ्या देण्यास आरंभ झाला. १९८६ च्या एका वर्षांत तिला सुमारे २,६०० मिलिग्रॅम दिलें गेलें, आणि त्याच वर्षीं श्टुटगार्ट येथें २१.१० मीटर गोळा फेंकून ती युरोपची विजेती झाली. पण शरीर बदललें होतें, सांधे व पाठ दुखत होती, मन ठिकाणावर नव्हतें. खेळ सुटला. १९९७ सालीं शस्त्रक्रिया होऊन हायडी क्रीगर ह्या आंद्रेआस क्रीगर झाल्या. आपल्या स्त्रीपणाविषयीं मनांत पूर्वींपासूनच अनिश्चितता होती, हें क्रीगर ह्यांनीं कधीं लपविलें नाहीं. त्यांचें दुःख निराळें आहे. आपण कोण व्हावें ह्याचा निर्णय आपला आपण घ्यावयाचा होता. न विचारतां, न सांगतां दिलेल्या गोळ्यांनीं तो हक्क हिरावून घेतला, हें त्यांचें गाऱ्हाणें. त्यांचें १९८६ चें सुवर्णपदक आज उत्तेजक द्रव्यांविरुद्ध लढणारांस देण्यांत येणाऱ्या एका सन्मानचिन्हांत बसविलेलें आहे.

२००० सालीं बर्लिनच्या न्यायालयांत पूर्व जर्मन क्रीडासंघटनेचे प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड व डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर ह्यांच्यावर खटला चालला. शारीरिक इजा करण्यास साहाय्य केल्याबद्दल एकास २२ व दुसऱ्यास १८ महिन्यांची शिक्षा झाली. तीहि स्थगित, म्हणजे तुरुंग कोणीच पाहिला नाहीं. पीडितांना कांहीं भरपाई मिळावी म्हणून २००२ व २०१६ सालीं जर्मनीनें कायदे केले. भरपाईची रक्कम माणशीं साडेदहा हजार युरोंच्या आसपास. आवाज, उंची, मातृत्व ह्यांचा हा बाजारभाव!

ह्या कथेंत लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, गोळी मागणारें मूल तेथें जवळजवळ नव्हतेंच. गोळी देणारे होते ते सगळे वडीलधारे, शिकलेले आणि विश्वासाचे. आपल्याकडे अशी कोणतीहि राज्ययोजना नाहीं हें खरें. परंतु देणारा हात मात्र येथेंहि मोठ्या माणसाचाच असतो. २०२३ सालीं भारतांत घेतलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकीं २१३ नमुन्यांत बंदी घातलेलीं द्रव्यें सांपडलीं. शेंकडा ३.८ हें प्रमाण, पांच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत त्या वर्षीं सर्वांत जास्त होतें. ह्या आंकड्यांमागें निव्वळ कीर्तीचा लोभ नाहीं. पदकामागें सरकारी नोकरी असते, नोकरीमागें घरावरचें छप्पर असतें. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरांतला मुलगा भरतीच्या मैदानांत उतरतो तेव्हां त्याच्या पायांवर साऱ्या कुटुंबाचा भार असतो. अशा वेळीं ‘हें घे, सगळेच घेतात’ असें कोणी कानांत सांगितलें तर तो मोहाला बळी पडतो, ह्यांत नवल तें काय? दोष द्यावयाचा तर आधीं कानांत सांगणाऱ्यास दिला पाहिजे.

कांहीं वेळां तर खेळाडूस आपण काय घेतों आहों ह्याचा पत्ताहि नसतो. कोलोन येथील प्रयोगशाळेनें १३ देशांतून विकत आणलेल्या ६३४ पोषक चूर्णांची व गोळ्यांची तपासणी केली असतां त्यांपैकीं ९४ मध्यें, वेष्टनावर उल्लेख नसलेलीं स्टिरॉइडासारखीं द्रव्यें आढळलीं होतीं. भारतालाहि ह्याचा कडू अनुभव आहे. २०१० सालच्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत व ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत चार गुणिले चारशे मीटर रिले जिंकणाऱ्या महिला संघांतील कांहीं धावपटू २०११ सालीं तपासणींत सांपडल्या. परदेशी प्रशिक्षकानें दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून तें द्रव्य आलें असावें, असें त्यांचें म्हणणें पडलें. प्रशिक्षकास काढून टाकण्यांत आलें. पण प्रत्येक खेळाडू आपल्या शरीरांतील द्रव्यास स्वतः जबाबदार आहे, असा खेळांतील नियम असल्यामुळें त्यांचीहि सुटका झाली नाहीं, आणि शेवटीं त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली. देणारा सुटतो आणि घेणारा अडकतो, हें प्रत्येक खेळाडूनें मनावर कोरून ठेवावें. आज जाणूनबुजून स्टिरॉइड घेतल्यास पहिल्याच गुन्ह्याला सामान्यतः चार वर्षांची बंदी येते. अठराव्या वर्षीं आलेली बंदी बाविसाव्या वर्षीं उठेल. पण तोंवर खेळाचें वय निघून गेलेलें असतें.

मग खरें बळ कसें येतें? ह्याचें उत्तर आपल्या तालमींना ठाऊक आहे. लाल मातींत सकाळ-संध्याकाळ घाम गाळावा, जोर-बैठकांची संख्या महिन्यामहिन्यानें वाढवावी, दूध, कडधान्य, ज्याला चालेल त्यानें अंडीं-मांस असा साधा खुराक घ्यावा, रात्रीं वेळेवर झोंपावें, आणि हें सारें वस्तादाच्या नजरेखालीं वर्षानुवर्षें करावें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण टाकलें. तेंहि कर्जच होतें. पण तें वडिलांनीं मुलासाठीं आपल्या डोक्यावर घेतलें होतें. मुलाचें शरीर गहाण टाकून वडिलांनीं पदक मिरवावें, हा त्याच्या नेमका उलट व्यवहार आहे.

घरच्या माणसांनीं कांहीं खुणा ध्यानांत ठेवाव्या. दोन-तीन महिन्यांतच वजन भराभर वाढणें, पाठीवर व खांद्यांवर अचानक मुरूम उठणें, मुलाची छाती फुगणें, मुलीचा आवाज बदलणें, विनाकारण संताप, दार लावून बसणें, नांव नसलेल्या कुप्या, सुया, आणि पैशांची वाढती मागणी. ह्यांतील एकाच खुणेवरून निष्कर्ष काढूं नये, कारण तारुण्यांत मुरूम सर्वांनाच येतात. चार खुणा एकत्र दिसल्या तर मात्र डोळेझांक करूं नये. अशा मुलास मारहाण केल्यानें किंवा चारचौघांत लाज काढल्यानें कांहीं साधत नाहीं. त्याला विश्वासांत घेऊन डॉक्टरांकडे न्यावें व काय घेतलें तें खरें सांगावयास लावावें. औषध सुटल्यानंतरच्या खिन्नतेच्या महिन्यांत त्याला एकटें सोडूं नये; ते दिवस सर्वांत जोखमीचे असतात. आणि मैदानावर मुलाला सोडणाऱ्या प्रत्येक आईबापांनीं प्रशिक्षकास एक प्रश्न निःसंकोचपणें विचारावा: ‘ह्याला खावयास-प्यावयास आपण काय देतां?’ सरळ उत्तर देणाऱ्या गुरूच्या पायां पडावें. ‘हें तुम्हांला कळावयाचें नाहीं’ असें म्हणणाऱ्याच्या हातीं आपलें मूल एक दिवसहि ठेवूं नये.

पूर्व जर्मनीतील त्या मुलींच्या आईबापांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याकडे ती आहे. ती असूनहि जे विचारणार नाहींत, त्यांच्या मुलांच्या वहींत व्याज चढत राहील, आणि तें फेडण्याची पाळी मुलांवर येईल.